तांदळातलं नाव

सोलापूर मागे टाकून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं, की एमआयडीसीच्या शेड संपल्यावर काही वेळानं कुंभारीची घरं सुरू होतात. ओळीच्या ओळी, मुळात एकाच मापाच्या. पुढं जिला जसं जमलं तसं तिनं पत्रा टाकला, कट्टा बांधला, न्हाणी आत घेतली, आणि सारखी घरं वेगळी झाली. 1 सप्टेंबर 2006 रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते इथल्या दहा हजार घरांचा सोहळा झाला. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं, पाठपुरावा नरसय्या आडम यांचा, म्हणजे आमच्या भाषेत आडम मास्तरांचा आणि लाल बावट्याचा. घरं विडी कामगारांची. आणि सोलापुरात विडी कामगार म्हणजे बाया. नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर, अशी वाटणी पूर्वभागातल्या पद्मशाली घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यामुळं गृहनिर्माण संस्था झाली तीही महिला विडी कामगारांचीच, आणि कागदावर नाव चढलं ते बाईचं.

हे नाव तिथवर कसं पोचलं, ते बघण्यासारखं आहे. विडीची बाई कारखान्यात बसून काम करत नाही. ती ब्रँचवरून पान आणि तंबाखू मोजून घरी नेते, रात्री पोरं झोपल्यावर वळते, दुसऱ्या दिवशी नेऊन देते. चेकर खराब विड्यांची छाट काढतो, आणि मजुरी मोजायची ती हजार विड्यांवर. ‘ही आमची कामगारच नव्हे, ती ठेकेदाराची’ असं म्हणायला मालकाला पूर्ण वाव. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा आला आणि घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली. मग रजिस्टरला नाव, नाव आहे म्हणून पीएफ, पीएफ आहे म्हणून ओळखपत्र, ओळखपत्र आहे म्हणून संस्थेची सभासद, सभासद म्हणून घर. रेशनकार्डावर जी जन्मभर कुणाची तरी बायको होती ती एका रकान्यामुळं घरमालकीण झाली. घरात विडी वळायला पोरगाही बसायचा. पण नोंद आईच्या नावावर. विडी वळणारा पुरुष रजिस्टरच्या कल्पनेतच बसत नव्हता.

तेव्हा मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या, लिंगभावाच्या ओळखीवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना मी विडीच्या वसाहतीपासून का सुरू करतोय, हे आता लक्षात आलं असेल. आमच्या धंद्यातल्या माणसाजवळ दुसरं काही नसतं. मशीन नसतं, तराजू नसतो. नोंद असते. मस्टर, सेवापुस्तक, नॉमिनीचा फॉर्म, रजेचा अर्ज. बाहेरच्यांना ही कारकुनी वाटते. मी तीस वर्षं हे केलं, आणि मला माहीत आहे की नोंदीनं घर उभं राहतं आणि नोंदीनंच माणूस दारातून परत जातो.

या धंद्यालाही एक लिंग आहे, आणि ते मधेच बदललेलं आहे. गिरण्यांच्या काळात माणसं भरायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. दोघेही हात ओले झाल्याशिवाय कुणाला कामावर घेत नसत. 1931 साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशननं सांगितलं, की ही भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. 1936 साली मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, जिला पुढं टिस म्हणू लागले. 1948च्या कारखाना कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी सक्तीचा केला. हा अधिकारी म्हणजे साहेब. युनियनशी भांडायचं, गेटवर उभं राहायचं, घेराव सोसायचा. हे पुरुषाचं काम, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं. मग गिरण्या बंद पडल्या, युनियन थकल्या, ‘पर्सोनेल’चं ‘एचआर’ झालं, आणि साहेबाच्या खुर्चीत ‘एचआरवाली मॅडम’ आली. आता तिच्याकडं वाढदिवसाचा केक, दिवाळीची रांगोळी आणि नोकरकपातीची पत्रं. काम अवघड होतं तोवर ते पुरुषी, आणि गोड बोलून अवघड काम उरकायची वेळ आली तेव्हा ते बायकी! माझ्या पिढीतल्या पुरुषांना हे ऐकून राग येतो, यायला हवा. सांगायचं एवढंच, की लोकांची ‘लिंग’ रकान्यात मांडणी करणारी ही जमात स्वतःही त्याच रकान्यातून भरली गेलेली आहे.

आता नावाकडं येतो. नाव बदलण्याच्या बाबतीत महाराष्ट्राइतका सराईत मुलूख नसेल. आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि काल जी शकुंतला होती ती आज स्नेहल होते. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पुष्कळदा पहिलंही बदलतं. माणसाची तिन्हीच्या तिन्ही नावं एका सकाळीत नाहीशी होतात आणि कुणाच्या भुवया वर जात नाहीत. जोडप्यानं पेढे वाटले की सोमवारी टाइम ऑफिसात अर्ज: लग्नाचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, बँकेचं पासबुक. कारकून एका दुपारीत मस्टर, पगारपत्रक, पीएफ, सगळीकडं नाव फिरवतो. वर ‘काय वहिनी, नाव छान ठेवलं हो’ म्हणतो. पगार थांबत नाही, नोकरी जात नाही, कुणी विचारत नाही की कालची शकुंतला तूच कशावरून. घटस्फोट झाला की हेच उलट दिशेनं. तेव्हा ‘नाव आणि ओळख बदललेल्या माणसाची नोंद करायची कशी, आमच्याकडं पद्धतच नाही’ असं जेव्हा एखादा अधिकारी म्हणतो, तेव्हा मला हसू येतं. पद्धत आहे. रोजची आहे. फक्त ती सून झालेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे.

हसू आत्ता येतं. 1998 साली मला आलं नव्हतं.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका कारखान्यात कार्मिक अधिकारी होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. दोष त्याचा नव्हताच. टाइम ऑफिसात कारकुनाची जागा होती. एक अर्ज आला, बी.कॉम., टायपिंग मराठी-इंग्रजी दोन्ही. मुलाखतीला आल्या त्या साडी नेसून. दाखल्यांवर नाव मुलाचं. मी विचारलं, हे कुणाचे दाखले? त्या म्हणाल्या, ‘माझेच. मी 94 साली बी.कॉम. झाले.’ मी मान हलवली, पाण्याचा ग्लास पुढं केला, पाच मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि त्या गेल्यावर अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला: ‘कागदपत्रे जुळत नाहीत.’ शेरा खोटा नव्हता. कागदपत्रं खरंच जुळत नव्हती. त्याच महिन्यात मी दोन लग्न झालेल्या मुलींची नावं स्वतःच्या सहीनं बदलली होती, त्यांचीही कागदपत्रं बदलेपर्यंत जुळत नव्हतीच. हा हिशेब मला पुढं कितीतरी वर्षांनी सुचला.

कधी सुचला, तेही सांगतो. सप्टेंबर 2017मध्ये बीड जिल्ह्यातल्या ललिता साळवे या महिला पोलीस कॉन्स्टेबलनी महिनाभराच्या रजेचा अर्ज केला. पुढं हे प्रकरण देशभर गाजलं, टीव्हीवर चर्चा झाल्या. पण मुळात तो रजेचा अर्ज होता, आणि मी तो रजेचा अर्ज म्हणूनच वाचला. कारण लिहिलं होतं लिंगबदल शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेनंतर नोकरी तीच राहावी, एवढी मागणी. खात्यानं नकार दिला. नकाराचं कारण बघा: भरतीच्या वेळी महिला आणि पुरुष शिपायांचे उंची-वजनाचे निकष वेगळे होते. म्हणजे इतकी वर्षं केलेला बंदोबस्त, काढलेल्या रात्रपाळ्या, गोपनीय अहवाल, हे सगळं एका बाजूला, आणि भरतीच्या दिवशी टेपनं घेतलेलं माप एका बाजूला. साळवे उच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं, हा सेवेचा प्रश्न आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं जा. मला त्या वाक्याचं कुणी केलं नसेल एवढं कौतुक वाटलं. लोक धर्म, निसर्ग, संस्कृती असं काय काय बोलत होते. आणि न्यायालयानं सांगितलं, की ही आस्थापनेची फाईल आहे. अखेर शासनानंच परवानगी दिली, मे 2018मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे त्याच दलात पुरुष शिपाई म्हणून रुजू झाले. पुढं त्यांचं लग्न झालं, मूल झालं, त्याच्याही बातम्या आल्या. मी मात्र अडकलो ते उंचीच्या निकषावर. तो नकार लिहिणारा माणूस दुष्ट असेल असं मला वाटत नाही. त्यानंही एक खरा शेरा मारला होता.

पोलीस भरतीचीच पुढची गोष्ट 2022ची. अर्ज ऑनलाइन. लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय, आणि रकान्यापुढं ती लाल चांदणी: हे भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. म्हणजे तृतीयपंथी उमेदवाराला अर्ज करायचा तर पहिल्याच पानावर खोटं बोलावं लागणार, आणि खोटी माहिती दिल्यास उमेदवारी रद्द, असं त्याच अर्जाच्या तळाशी लिहिलेलं असणार. न्यायाधिकरणानं तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर 2022मध्ये तिथं पर्याय देण्याचं मान्य करून आलं. शारीरिक चाचणीचे नियम ठरवायला आणखी मुदत मागून घ्यावी लागली. रकाना एका रात्रीत वाढवता येतो; मैदानावर काय मोजायचं ते ठरवायला वेळ लागतो.

हे झालं कागदाचं. पण ऑफिस कागदावर कमी आणि बोलण्यावर जास्त चालतं, आणि इथं आपली मराठी फार मजेशीर वागते. इंग्रजीत काम करणाऱ्या कंपन्यांत हल्ली सर्वनामांचा गाजावाजा असतो. ईमेलच्या तळाशी प्रत्येकजण आपली सर्वनामं लिहितो. मराठीत नुसत्या सर्वनामानं भागत नाही, इथं क्रियापद चुगली करतं. नीट ऐका. ‘तू आलास’, ‘तू आलीस’: जवळिकीत लिंग दिसतं. ‘तुम्ही आलात’: आदर आला की लिंग गळून पडतं. समोरच्याला अहो-जाहो करणाऱ्याला त्याचं लिंग ठरवावंच लागत नाही. मग चूक होते कुठं? पाठ फिरल्यावर. ‘ते आले’ की ‘त्या आल्या’, हा प्रश्न माणूस खोलीबाहेर गेल्यावर पडतो. म्हणजे मराठी ऑफिसात कुणाची ओळख पुसली जाते ती तोंडावर नव्हे, चहाच्या टपरीवर. आणि एक तिसरी तऱ्हा आहे, सगळ्यांत वाईट: ‘ते बघ आलं.’ व्याकरणानं नपुंसकलिंग लेकरांसाठी, पाखरांसाठी ठेवलं. आपण त्यातून शिवी केली. तक्रार आली तर पुरावा काय द्यायचा? कुणी अपशब्द वापरलेलाच नसतो. एक अनुस्वार असतो फक्त.

उरलं ‘मी’. ‘मी आलो’, ‘मी आले.’ इथं बोलणारा स्वतःच सांगून मोकळा होतो, दर वाक्यागणिक, कुठल्याही दाखल्याशिवाय. 1998 साली ‘बी.कॉम. झाले’ म्हणणाऱ्या बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. मी दाखला वाचत बसलो.

अर्थात हे सार्वत्रिक आहे असं मानू नये. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. आणि कुंभारीच्या गल्लीत तर तीन-चार भाषा नांदतात. घरात तेलुगू बोलणारी बाई ‘नेनु वच्चानु’ म्हणते, शेजारची कानडी बाई ‘नानु बंदे’ म्हणते. दोन्हींत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असा फरकच नाही. आदरानं तिसऱ्याविषयी बोलायचं तर ‘वच्चारु’, ‘बंदरु’. साहेबही तसेच आणि बाईही तशाच. तीच बाई मराठीत बोलू लागली की तिला ‘मी’ म्हणतानाच बाजू निवडावी लागते. सोलापूरच्या कारखान्यांतल्या ज्या अधिकाऱ्याला तेलुगू येतं त्याला ही सोय आयती मिळालेली आहे, आणि त्याला तिचा पत्ता नाही.

नात्यांच्या हाका हा आणखी एक घोळ. कुंभारीतच वैद्यकीय महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. कुठल्याही रुग्णालयात जा, वॉर्डबॉय मामा, आया मावशी, नर्स सिस्टर, आणि पुरुष नर्स ब्रदर. कारखान्यात दादा, ताई, काका, वहिनी. आपल्याकडं बिननात्याच्या माणसाला हाकच मारता येत नाही. परकं वाटू नये म्हणून असलेली ही रीत ज्याचं नातं ठरत नाही त्याला बरोबर परकं करून सोडते. यावर एक तोड याच जिल्ह्यात शतकानुशतकं वापरात आहे: पंढरीच्या वाटेवर पुढच्याला, मागच्याला, बाईला, बाप्याला, पोलिसाला, सगळ्यांना ‘माउली’. आळंदीचे ज्ञानोबा पुरुष, तरी माउली. विठ्ठल पुरुष, तरी विठाई. एचआरच्या फॉर्ममध्ये हे बसवता येणार नाही, हे मलाही कळतं. पण ‘हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे’ असं बैठकीत म्हणणाऱ्या गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ असली, की मला त्यांना एकादशीला कुणाला काय म्हणालात ते विचारावंसं वाटतं. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 साली तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं, तेव्हा गावात कुणी प्रशिक्षण शिबिर भरवलं नव्हतं.

आपली ओळख आपण सांगायची, हे न्यायालयांनीही मानलं आहे. 15 एप्रिल 2014चा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याहून जळगाव जिल्ह्यातलं एक छोटं प्रकरण जवळचं वाटतं. भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं तो बाद केला. जानेवारी 2021मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांना त्याच जागेवरून लढू दिलं, आणि लाभासाठी उद्या पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही एवढं त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्या निवडून आल्या. यातला शेवटचा तपशील आमच्या कामाचा आहे. बैठकीत नेहमी येणारी शंका, ‘उद्या कुणीही काहीही म्हणेल हो’, तिला न्यायालयानं दोन ओळींत उत्तर दिलं: म्हणू द्या, आणि म्हणाल ते लिहून घ्या.

कायद्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर आहे आणि त्याची भाषा बदलतही राहील. 2019चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 10 जानेवारी 2020 पासून अमलात आला. नोकरीत भेदभाव करायचा नाही, आणि प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमायचा, असं त्यानं सांगितलं. त्याखालच्या 2020च्या नियमांनी समान संधीचं धोरण लिहून प्रसिद्ध करायला सांगितलं, आणि तक्रारीची चौकशी पंधरा दिवसांत. जुन्या कारखाना कायद्यात शौचालयं स्त्रियांची आणि पुरुषांची, संपलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेनं शौचालय, न्हाणीघर, लॉकर यांच्या बाबतीत पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तिघांचे उल्लेख केले आहेत. पण लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा ‘पीडित महिला’ हाच शब्द वापरतो. म्हणजे एकाच भिंतीवर लावलेले तीन फलक माणसाची तीन वेगळी मोजणी करतात. या तिन्हींखाली सही आपली असते.

नियमांतला एक शब्द मात्र मी अधोरेखित करून ठेवला आहे: गोपनीयता. कर्मचाऱ्याची लिंगओळख गुप्त राखायची. सोलापुरात! जिथं ऑफर लेटर छापून व्हायच्या आत शिपायाला पगार माहीत असतो. आमच्या खात्याचं सगळ्यांत मोठं पाप भेदभाव हे नाही. ते आहे तोंड. जुनं नाव कुणाला दिसतं? पगारपत्रक करणाऱ्याला, पीएफचं काम बघणाऱ्या सल्लागाराच्या पोराला, विम्याच्या एजंटाला, गेटवरच्या पंचिंग मशीनच्या पडद्याला. नाव, जन्मतारीख आणि लिंग, आधार आणि पीएफच्या नोंदीत जुळलं नाही तर माणसाचे स्वतःचे पैसे अडकतात. 2025पर्यंत ते सोडवायचे तर अर्जावर मालकाची सही लागायची, म्हणजे पुन्हा आमचं टेबल. माणूस हे टाळायला पीएफच काढत नाही, रजेच्या प्रवासाचं बिल लावत नाही, बढतीचा फॉर्म भरत नाही. हळूहळू कागदावरून नाहीसा होतो. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात 40,891 माणसं होती. त्यांतली किती मस्टरवर होती, ते कुठल्याच रकान्यात नाही.

आणि टेबलाच्या अलीकडचं? सगळ्यांच्या फायली सांभाळणाऱ्याचीही एक फाईल असते. ती कपाटात सगळ्यांत खाली. या व्यवसायात स्वतःची ओळख लपवून, इतरांसाठी धोरणं लिहिणारी माणसं आहेत. त्यांतली एक-दोन मी ओळखतो आणि त्याहून जास्त इथं लिहिणार नाही. उघडपणे काम करणाऱ्यांत झैनब पटेल यांचं नाव घ्यावं लागेल. स्वतः ट्रान्स स्त्री, आणि केपीएमजी, पर्नो रिकार यांसारख्या कंपन्यांत समावेशनाचं काम पाहिलेल्या. मात्र मला त्यात एक धोका दिसतो. बाईला महिला समितीत बसवायचं, दलिताला आरक्षणाच्या कक्षात, आणि ट्रान्स व्यक्तीला समावेशनात: हे झालं की बाकीचा विभाग पूर्वीसारखा झोपायला मोकळा. एखादी ट्रान्स अधिकारी पगारवाटाघाटीला बसली, कपातीची यादी तिनं केली, कँटीनच्या ठेक्यावरून ती भांडली, आणि लोक तिच्यावर त्याच कारणासाठी चिडले ज्यासाठी कुठल्याही एचआरवर चिडतात, तर ते मला खरं वाटेल.

पुन्हा घरांकडं येतो, कारण नोकरीची गोष्ट नोकरीत संपत नाही. 2017 साली कोची मेट्रोनं तृतीयपंथी कर्मचारी नेमले, देशभर कौतुक झालं. काही दिवसांतच त्यांतल्या आठजणींनी काम सोडल्याच्या बातम्या आल्या. कामात अडचण नव्हती, शहरात कुणी खोली भाड्यानं देईना. लॉजचं रोजचं भाडं पगाराला परवडेना. भरती करणाऱ्यांनी मुलाखत, गणवेश, प्रशिक्षण, सगळं पाहिलं होतं. रात्री माणूस कुठं झोपेल, हे त्यांच्या तक्त्यात नव्हतं. कुंभारीत आडम मास्तरांनी आणि विडीच्या बायांनी नेमकं हेच उलट्या टोकाकडून धरलं होतं: कामगार आहे ना, मग घर द्या. 19 जानेवारी 2024 रोजी याच गावच्या शिवारात रे नगरच्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. एकंदर योजना तीस हजारांची, आणि ती फक्त विडीची नाही, यंत्रमाग, रिक्षा, चिंध्या-भंगार, सगळ्या असंघटितांची. या घरांच्या अर्जातही ‘कुटुंब’ हा शब्द असतो, आणि कुटुंब म्हणजे काय ते ठरलेलं असतं. तृतीयपंथी गुरूच्या घरी चार चेले राहतात, ते कुटुंब की भाडेकरू? पीएफच्या नॉमिनीत गुरूचं नाव घालता येतं का? पुस्तिकेतलं या प्रश्नांवरचं प्रकरण मला सगळ्यांत उपयोगी वाटलं. घाईत असाल तर कायद्याचा इतिहास सोडून द्या आणि तिथूनच सुरुवात करा.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या जुन्या कारखान्यात गेलो होतो. भरतीच्या जुन्या फायली रद्दीत गेल्या होत्या. त्यामुळं त्या बाईंचं नाव, म्हणजे त्यांनी स्वतः ठेवलेलं नाव, मला आता सांगता येत नाही. ते मी लिहूनच घेतलं नव्हतं. अर्ज मात्र डोळ्यांपुढं आहे, उजव्या कोपऱ्यात माझं अक्षर, निळी शाई. तिथं लिहायला हवं होतं ते जेमतेम दोन ओळींचं आहे, आणि लग्न झालेल्या मुलींच्या अर्जावर तेच तर मी नेहमी लिहीत होतो: ‘पूर्वीचे व हल्लीचे नाव एकाच व्यक्तीचे असल्याबाबत प्रतिज्ञापत्र घ्यावे. टायपिंग चाचणी सोमवारी सकाळी 10 वाजता.’